हिलेलची तिसरी पिकअप

तो टीव्ही बंद कर, योएल. भुताची गोष्ट पाहिजे ना तुम्हांला? मग माझ्या बहिणीच्या नवऱ्याची ऐका. हिलेल त्याचं नाव. दिमोनातच राहतो, खोटं वाटलं तर जाऊन विचारा. माणूस दीडदमडीचा, आणि ऐट अशी की बेर्शेबाचे रस्ते यानंच बांधलेत.

अश्केलोनजवळच्या मोशाववरून, म्हणजे शेतकऱ्यांच्या वस्तीवरून, अंडी उचलायची आणि दिमोनातल्या दुकानांना टाकायची, एवढाच त्याचा धंदा. त्यासाठी पहिली पिकअप घेतली, कुणीतरी भंगारात काढलेली. मागं उघडी. त्या उघड्यावर याचा बाप बसायचा, एलियाहूकाका. मुंबईत जन्मभर लॉरीवर क्लीनर होते. लॉरीवाल्यांची रीत अशी, की क्लीनर मागून पत्र्यावर थाप मारतो. एक थाप, थांब. दोन थापा, चल. इथं ती कुणाला कळणार? पण या बापलेकांचं त्यावरच चालायचं.

थंडी पडली तेव्हा मी म्हटलं, "अरे, काकांना पुढं घे."

तर हा शहाणा म्हणतो, "पुढच्या सीटवर अंडी आहेत. अंडी फुटतात, म्हातारा फुटत नाही."

थू असल्या जिण्यावर!

त्याच हिवाळ्यात एका रात्री वाटेत पाऊस लागला. काकांनी मागून थाप मारली. एक. परत एक. हा थांबलाच नाही. दिमोनात येऊन बघतो, तर काका थंडगार. अंडी मात्र सगळी शाबूत.

शिवाचे, आपल्या सुतकाचे, सात दिवस सरले आणि यानं गाडी विकली. दुसरी आणली. पहिल्याच फेरीला मागून थाप. एक. इंजिन बंद. मागं कुणी नाही. बऱ्याच वेळानं दोन थापा, आणि गाडी आपोआप चालू. "गाडीला भूत लागलंय," म्हणे. गाढवा, गाडीला नाही, तुला! तीही विकून तिसरी घेतली.

मग आला एकोणऐंशीचा जानेवारी. शनिवारची, शब्बाथ सुटल्याची रात्र. याच्या पोरीला, लीयाला, दम लागला. ओठ निळे पडले. अँब्युलन्सला वेळ होता. माझी बहीण त्सिपोरा पोरीला मांडीवर घेऊन पुढं बसली आणि निघाले बेर्शेबाच्या हॉस्पिटलला. पाऊस धो धो.

अर्ध्या रस्त्यात...

थाप.

एक.

इंजिन बंद.

हा चावी फिरवतोय. काही नाही. पोरीची घरघर... मग तीही बारीक होत चालली.

"बाबा, सोडा ना आता!" हा रडायला लागला. पण रडतोय कुठं? सीटवर बसूनच, भिकारडा!

त्सिपोरा म्हणाली, "उतर. मागं बस."

"मी... मागं?"

"तूच. गाडी मी चालवते."

लायसन्स होतं तिच्याकडे. हा मेला कधी स्टिअरिंगला हात लावू देत नव्हता.

तो उतरला. मागं चढला. तिनं पोरीला शेजारी निजवलं. वाट बघत बसली.

काही नाही.

काहीच नाही.

मग... दोन थापा.

"सबा, दाय!"

आजोबाला 'पुरे' म्हणतोस? गप बस. पोर वाचली. परवाच्या लग्नात नाचताना पाहिलीत ना, तीच लीया.

हॉस्पिटलच्या दारात पोर नर्सच्या हातात देऊन त्सिपोरा मागं धावली. हिलेल कोपऱ्यात अंग चोरून बसलेला. दातखीळ बसलेली.

"थापा तू मारल्यास?"

त्यानं मान हलवली. नाही.

डोक्यावर छप्पर नाही, ताडपत्री नाही. केसांतून पाणी गळत होतं. उजवी बाजू चिंब. त्याला उतरवायला म्हणून तिनं डावा हात धरला...

कोट कोरडा. खांद्यापासून गुडघ्यापर्यंत सगळी डावी बाजू कोरडी. आणि उबदार.

त्या पावसात, असल्या नालायकाला कोण खेटून बसलं होतं, तुम्हीच सांगा.