सहाशे एकावी रिक्वेस्ट

ही घटना माझ्या भाचीच्या, यी-फेनच्या बाबतीत घडली. खरी आहे. पटली नाही, तर दोष माझ्या सांगण्याचा.

तैवानमधलं तैनान शहर. चहाच्या कंपनीचं ऑफिस. मंगळवार, दुपारचे साडेबारा.

जेवणं झाली की तिथे दिवे मालवतात. सगळे टेबलावर डोकं टेकून झोपतात. ग्राहकांना रोज निरोप पाठवायचं आपलं काम यी-फेनने मुद्दाम या निवांत तासात बसवलं होतं. ग्राहकांची माहिती सांभाळणारी सिस्टीम तासाला सहाशेच रिक्वेस्ट घेते. एक जरी वाढली, की दिवसभर सगळं ठप्प.

एक निरोप म्हणजे एक रिक्वेस्ट. यी-फेनने रोजचे निरोप मोजून बरोबर सहाशे आखले होते.

तरी दोनदा ठप्प झालं.

"तिसऱ्यांदा झालं तर नोकरी विसर," फान साहेबांनी सांगितलं. "मिंग-ता असता तर झोपेत आखलं असतं त्याने."

मिंग-ता तिच्या शेजारी बसायचा. वसंतात अपघातात गेला.

तिने नोंदी उघडल्या. सहाशे एक...

जादाची रिक्वेस्ट बारा चाळीसला आलेली. मिंग-ताच्या कॉम्प्युटरवरून.

त्याची वायर तर कधीच काढली होती.

त्या रिक्वेस्टमध्ये प्रश्न एकच होता. त्याच्या आईने कालचा निरोप उघडला का?

म्हातारी गावी एकटी. ग्राहकांच्या यादीत तिचं नाव त्यानेच घातलं होतं. तो रोज दुपारी हेच बघायचा. उघडला असेल तर बरी आहे, म्हणायचा.

यी-फेन कुणाला बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिने एक निरोप पुढच्या तासात ढकलला आणि अंधारात डोकं टेकलं.

बारा चाळीस. शेजारी... कीबोर्डची एक कळ वाजली.

"दादा, तुझी जागा सोडलीय," ती पुटपुटली. "पण एकच हं. माझ्या नोकरीचा प्रश्न आहे."

महिनाभर सगळं सुरळीत चाललं.

मग एका सोमवारी कळ वाजली. आणि लगेच...

दुसरी.

तिने धडपडत आपला शेवटचा निरोप थांबवला. सहाशे. नोकरी वाचली.

दुसऱ्या रिक्वेस्टपुढे कुठल्याच कॉम्प्युटरचं नाव नव्हतं. प्रश्न तोच, ग्राहक वेगळा. मिंग-ताने कालचा निरोप उघडला का?

उत्तर होतं... उघडला.

तिने गावी फोन लावला. शेजारीण म्हणाली, "म्हातारी आज पहाटेच गेली गं."

आता यी-फेन दोन जागा सोडते. दुपारी तिचा डोळा मात्र लागत नाही.

परवा हळूच म्हणाली, "मामा, तिसरी कळ वाजली तर ती कुणाची?"