उरलेलं केसभर अंतर

अंधाऱ्या जिन्यात दिव्याच्या बटणावर दोन हात एकदम पडले, आणि ती अशी किंचाळली की वरच्या मजल्यावर कुणीतरी दार उघडून डोकावलं.

"अहो, माणूसच आहे मी," अंधारातून आवाज आला. "वरच्या गेमच्या कंपनीत चित्रं काढतो."

"मग बोटं एवढी गार कशी?"

"तुमचीच गरम असतील…"

झालं! त्याच कंपनीत प्रोग्रॅम लिहायच्या नोकरीचा पहिला दिवस, आणि काम हातात यायच्या आधीच बाईसाहेबांचं मन हातचं गेलं.

काम तसं इवलंसं होतं. गेममध्ये एक ओसाड घर, घरात एक बाहुली. आपण माउसने जिथे क्लिक करू तिथे तिने जायचं. पण ती चालायचीच नाही. क्लिक केलं की इथली गायब, तिथे हजर – निव्वळ भूत! तिला अलगद चालवायचं, आणि ती दारापाशी पोचली की दार उघडायचं. शुक्रवारपर्यंत.

गोम वेगळीच होती. बाहुलीची वेणी डाव्या खांद्यावर, उजव्या भुवईत बारीकशी खोक. हुबेहूब हिच्यासारखी.

"माझं चित्र कधी काढलंत हो?"

"गेल्या वर्षी."

"गेल्या वर्षी मला ओळखत तरी होतात का?"

"नाही ना…" तो अगदी साधेपणाने म्हणाला.

बाहुली कुठवर आली ते बघायला तो रोज यायचा. सोमवारी खोलीच्या दाराशी थांबला, मंगळवारी कपाटापाशी, बुधवारी तिच्या खुर्चीपासून दोन हातांवर, गुरुवारी एका हातावर. तोवर 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. त्या शेवटच्या हातभर अंतरात काय अडलं होतं, देव जाणे. आणि शुक्रवारी सहाच्या गाडीने तो दुसऱ्या शहरातल्या नोकरीवर निघणार होता. कायमचा. हे गुरुवारी कळलं तेव्हा हिला त्याला थांबवायचं होतं, पण तोंडातून निघालं काय, तर "अभिनंदन!" आता काय म्हणावं या मुलीला!

बाहुली मात्र चालू लागली होती. स्क्रीनवरचं चित्र सेकंदाला साठ वेळा नव्याने उमटतं. दर वेळी उरलेल्या अंतराचा दहावा हिस्सा पुढे सरकायचं, अशी हिने युक्ती केली. आधी झरझर, मग हळू… मग आणखी हळू… बघत राहावं असं चालणं. पण दार काही उघडेना. बाहुली आपली दाराला कान लावल्यासारखी उभी.

शुक्रवारी दुपारी माउसला कुणी हात लावला नव्हता, आणि बाहुली आपली आपण निघाली.

हिच्या अंगावर सर्रकन काटा आला. "तू करतोयस ना हे?"

"मी?" तो बॅगेत पेन्सिली भरत होता. त्याने दोन्ही हात वर करून दाखवले.

"भित्यापाठी ब्रह्मराक्षस," ती स्वतःलाच म्हणाली आणि माउसची वायर उपटून काढली. बाहुली चालतच राहिली. दाराशी जाऊन थांबली, कालच्यासारखीच.

"तिला आत जायचंय…" तो कुजबुजला.

आणि हिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. काखेत कळसा अन् गावाला वळसा! दर वेळी उरलेल्याचा दहावा हिस्साच चालायचा, तर थोडं उरणारच की. केसभर का होईना. ही बया दारापाशी पोचलीच नव्हती, मग दार उघडेल कसं? तिने एक ओळ वाढवली: केसभर उरलं की मोजत बसायचं नाही, सरळ पाऊल ठेवायचं.

गेम पुन्हा सुरू झाला. माउस टेबलावर तसाच सुटा पडला होता, तरी बाहुली निघाली. पोचली. दार करकरत उघडलं. आत एक टेबल, दोन खुर्च्या. एका खुर्चीत पाठमोरा माणूस.

"हा कोण रे?"

"मीच. वाट बघत बसलोय. कुणाची, ते काढताना ठाऊक नव्हतं…"

"मग काल हातभर लांब का थांबलास?"

"तू अभिनंदन म्हणालीस ना."

पाच वाजून गेले होते. ती उठली आणि उरलेलं अंतर न मोजता त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. "जाऊ नकोस. माझा जीव जडलाय तुझ्यावर. कळलं?"

त्याच्या खांद्यावरची बॅग खाली आली. ती गार बोटं तिच्या हातात हळूहळू कोमट होऊ लागली.

"आणि नोकरी?" तिने विचारलं.

"कळवतो त्यांना, चित्रकार पोचलाच नाही म्हणून."

ती खळखळून हसली. हसता हसता तिचं लक्ष स्क्रीनकडे गेलं. दुसरी खुर्ची आता रिकामी नव्हती. वेणी पुढे घेऊन बाहुली त्या माणसासमोर निवांत बसली होती.

"किती गोड बसवलंस रे तिला!"

तो स्क्रीनजवळ वाकला.

"अगं… तिचं बसलेलं चित्र मी काढलेलंच नाही."

तिने त्याचा हात आणखी घट्ट धरला.