तिवसाची पाचर

पिंपळनेरला साक्री रस्त्यावर धनसिंग मिस्त्रीचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे चार खांब, वर पत्रे, मध्ये एक खड्डा आणि खड्ड्याच्या काठावर बसून फुकटचा सल्ला देणारी दोन-तीन रिकामी माणसं. धनसिंगला दोन गोष्टी चटकन कळायच्या. गाडी कुठे वाजते ते, आणि तिचा मालक कुठे वाजतो ते. गाडी दुरुस्त व्हायची. मालकाचं तो नुसतं मनात टिपून ठेवायचा.

एकोणनव्वद सालच्या श्रावणात त्या खड्ड्यावर रुपचंदची जीप येऊन उभी राहिली. रुपचंद गावातलाच शेतकरी. चहा बशीत ओतला तर कपाचा तळ बोटाने पुसून घेणारा. पण एकदा मनात आलं की घर हलवील असा. धुळ्याचे ठेकेदार गिरधरनाना डोंगराकडच्या पाड्यांवर पाझर तलावांची कामं करत होते. त्यांना साहेबलोक आणि सिमेंट घेऊन नाल्यातून, दगडगोट्यांवरून जाईल अशी उंच जीप वर्षभर भाड्याने हवी होती. हे कानावर येताच रुपचंदने बैलजोडी विकली, लष्कराच्या लिलावातली म्हातारी जीप घेतली आणि धनसिंगकडून तिला स्प्रिंगचे जादा पाटे टाकून चांगली सहा बोटं वर उचलली. शेत दुसऱ्याला करायला दिलं. बारा वर्षं बैलांमागे चालणारा सालदार वना, त्याला घरी बसवलं. आता रुपचंदच्या हातात नांगर नव्हता, बैल नव्हते. होती ती जीप, आणि जीपला हवं होतं नानांचं काम.

आणि जीप थरथरत होती.

पस्तीसच्या पुढे काटा गेला की आधी आरसा हलायचा, मग बोनेट, मग बसणाऱ्याचे दात. नाना एकदा बसून बघायला आले, तेव्हा त्यांच्या तोंडातली सुपारी घशात जाता जाता राहिली. उतरून ते म्हणाले, "रुपचंद, मला गाडी पाहिजे होती. तू चाळणी आणलीस." पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो, तेव्हाही असंच असेल तर दुसरी जीप बघून ठेवली आहे, एवढं सांगून ते गेले.

दोष कुठे आहे हे धनसिंगला माहीत होतं. इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा लोखंडी दांडा असतो, तो शाफ्ट. गाडी उचलली की शाफ्ट तिरका होतो, दोन टोकांचे कोन जुळत नाहीत, आणि मग तो नीट न फिरता लंगडत फिरतो. धनसिंगने स्वस्तातले सगळे उपाय केले. शाफ्टच्या सांध्यातले झिजलेले क्रॉस बदलले. शाफ्टची दोन्ही टोकं एका रेषेत बसवली. पाण्याच्या पाइपाची क्लिप शाफ्टला आवळून, जरा जरा सरकवून त्याचा तोल साधला. गिअरबॉक्सच्या आडपट्टीवर, चेसिसच्या खाली वॉशर घालून तो अर्धा इंच खाली घेतला. थरथर निम्म्यावर आली. मालेगावचा त्याचा उस्ताद सांगायचा की थरथर कधी मरत नाही, ती घर बदलते. मिस्त्रीचं काम एवढंच, की ती कुठे राहायला गेली ते बघायचं.

आता एकच उपाय उरला होता. मागच्या पाट्यांच्या आणि चाकांचा आस असलेल्या लोखंडी नळीच्या, हाऊसिंगच्या, मध्ये उतरती पाचर घालायची, म्हणजे हाऊसिंगचं तोंड शाफ्टकडे वर होतं. दोन बाजूंना दोन पाचरी. लोखंडाच्या करायच्या तर धुळ्याच्या लेथवर, आणि पोळा तोंडावर आलेला. लेथवाल्याने चार दिवस लागतील असं कळवलं. पैसे ऐकून तर रुपचंदने कानांवर हातच ठेवले. लाकडाच्या का नाही, असं त्याने विचारलं. चांगलं मुरलेलं, टणक लाकूड असेल तर महिनाभर टिकेल, असं धनसिंग बोलून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रुपचंद दोन पाचरी घेऊन आला. मापात कापलेल्या, मधाच्या रंगाच्या, एका अंगाने आरशासारख्या गुळगुळीत.

"तिवसनं लाकूड शे," तो कौतुकाने म्हणाला. "वीस वरीसनं मुरेल."

त्याच्यामागून वना आला होता. तो खड्ड्याजवळ आला नाही. रस्त्यावरच उभा राहून त्याने मिस्त्रीला सांगितलं, "जू कापं त्यानी. जू कोनी कापतस नही, मिस्तरी. जो जू जाळस, त्याना जीव लवकर जात नही."

"मी जाळी राहिनू का?" रुपचंद हसला. "कापी राहिनू."

धनसिंगही हसला. जू जाळणाऱ्याचा प्राण अडकतो, म्हणून मरणाऱ्याच्या उशाशी जू ठेवतात, हे त्याने लहानपणापासून ऐकलं होतं. पाचरी हातात घेतल्यावर मात्र त्याचं हसू जरा आकसलं. गुळगुळीत होतं ते अंग बैलांच्या मानेवर घासून तसं झालं होतं. एक पाचर उजव्या बैलाच्या बाजूची, एक डाव्याच्या. डावीला वास होता.

तो वास त्याला ओळखीचा वाटला, आणि का वाटला तेही आठवलं. उन्हाळ्यात रुपचंद इथूनच डबाभर जळकं ऑइल घेऊन गेला होता. बिजागऱ्यांना लावायला असेल, असं धनसिंगला वाटलं होतं. पुढे वनानेच सांगितलं. डाव्या बैलाचा, मोऱ्याचा, खांदा आला होता. जू घासून मानेवर तळहाताएवढी जखम, आत पू, पुवात अळ्या. जखम भरेपर्यंत थांबायचं तर लिलाव हातचा जात होता. म्हणून रुपचंदने जखमेवर हळद लावली, वरून जळकं ऑइल थापलं, आणि जुना व्रण आहे म्हणून बैल धुळ्याच्या बाजारात उभा केला. बाजारातून तो कुठे गेला, हे विचारायची गावात कोणाला गरज वाटली नाही.

धनसिंगने पाचरी ज्या त्या बाजूला बसवल्या, यू-बोल्ट आवळले आणि गाडी वार्सा गावाच्या रस्त्याला घातली. पस्तीस. चाळीस. पन्नास. आरसा हलला नाही. त्याने टपावर पाण्याचा पेला ठेवून बघितला असता तरी चाललं असतं. निम्मी थरथर गेली असती तर त्याला पटलं असतं. ही सगळीच गेली होती. रुपचंद मांडीवर थाप मारून हसत होता. धनसिंग मात्र उस्तादाचं बोलणं आठवत, ती कुठे गेली असेल याचा विचार करत बसला.

संध्याकाळी नट पुन्हा आवळायला तो खड्ड्यात उतरला. उजवीकडे पाना अडला. पाचर कोरडी, खडखडीत होती. डावीकडे पाना अर्धा फेरा आत गेला. लाकूड चेपतं तसा नाही, सावकाश, मऊ. बोल्टच्या कडेने काळसर पिवळं काहीतरी वर आलं आणि त्याच्या मनगटावर ओघळलं. कोमट होतं.

त्याने रॉकेलने हात धुतले, मग सोड्याने, मग चुलीतल्या राखेने. रात्री भाकरी मोडली तर भाकरीला तो वास. त्याने ताट सरकवलं. बायकोला, कुंदाबाईला, वाटलं की भाजी खारट झाली.

त्याने स्वतःची समजूत काढली. लाकूड वीस वर्षं घाम आणि चरबी प्यायलं होतं, आता दाबाने आणि पावसाच्या ओलीने ते बाहेर येत होतं. पण दोन्ही पाचरी एकाच जुवाच्या, एकाच करवतीच्या, एकाच पावसातल्या. सकाळी उजवीवर धूळ होती. डावीवर माशा होत्या. हिरव्या, लठ्ठ, एकमेकींच्या अंगावर चढलेल्या. त्याने डिझेलचं फडकं फिरवलं. फडक्यावर एक पांढरी अळी वळवळत आली. धनसिंग खड्ड्याबाहेर येऊन रस्त्याकडेला ओकला. बायकांसमोर तंबाखू थुंकायलाही लाजणारा माणूस, पण त्या दिवशी येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे त्याने बघितलंही नाही.

पाचर काढून टाकतो, असं त्याने रुपचंदला सांगितलं. रुपचंदने हात जोडले. परवा नाना येणार, लेथ पोळ्यामुळे बंद, बैल गेले, शेत दुसऱ्याकडे. "मिस्तरी, परवाना दिन निघू दे. मंग तू म्हनशी ते." तो इतका लाचार दिसत होता की धनसिंगची किळस क्षणभर मागे हटली. परवापर्यंतच, असं तो म्हणाला.

त्याच दिवशी खांदेमळणी होती. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी सगळ्या खानदेशात बैलांचे खांदे तुपाहळदीने मळतात. ऊन उतरलं तसा घरोघरच्या अंगणातून तुपाचा वास येऊ लागला. गॅरेजसमोरून बैल नदीवरून धुऊन परत जात होते. तेवढ्यात वना वाटी घेऊन आला. वाटीत तूप, तुपात हळद.

"वनाभाऊ, तुझ्याकडे कुठले बैल?" धनसिंगने विचारलं.

वनाने जीपकडे बोट केलं. "बठ्ठा गावना बैलस्ना खांदा मळाई गयात. याना राहिना."

"गाडीला खांदा असतो का?"

"हात लाई दख."

धनसिंग थट्टा करणार होता. पण जीप सकाळपासून जागची हलली नव्हती. किल्ली त्याच्या खिशात होती. त्याने खड्ड्यात उतरून डाव्या हाऊसिंगवर हात ठेवला.

लोखंड ऊबदार होतं.

पाचरीवरून एक माशी उडाली आणि हाऊसिंगवर बसली. त्याच्या बोटांपासून वीतभर लांब.

लोखंड थरथरलं.

सगळी गाडी नाही. माशी बसली तेवढीच जागा. आत कोणीतरी कातडं झटकावं तसं, सरसर, आणि थांबलं. माशी उडाली.

पुन्हा बसली.

पुन्हा तसंच.

धनसिंग हात काढून मागे सरला. वना त्याच्या अंगावरून वाकून आत आला आणि त्या लाकडावर, बोल्टांवर, लोखंडावर तूप-हळद चोळू लागला. हळूहळू, गोल गोल, बारा वर्षांच्या सवयीने. चोळता चोळता तो एकच म्हणत होता, "हां राजा. हां राजा." माशा निघून गेल्या. वास मंदावला. धनसिंगने धीर करून पुन्हा हात लावला, तेव्हा लोखंड गार झालं होतं.

पोळ्याच्या दिवशी सकाळी रुपचंद आला आणि हळद बघून भडकला. उद्या नाना खाली वाकून बघणार, त्यांना काय दाखवायचं, गाडी की देव? गॅरेजात पाहुण्यासारखा हात बांधून उभा राहणारा माणूस त्या दिवशी स्वतः खड्ड्यात उतरला. सोडा आणि रॉकेल घेऊन त्याने तूप, हळद सगळं घासून काढलं. बोटं पाचरीच्या कडेला खुपसून खुपसून. वर आला तेव्हा डावा खांदा चोळत होता. खाली वाकून अवघडला, असं तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी गिरधरनाना आले. रुपचंद चालवायला, नाना शेजारी, धनसिंग मागे. साक्रीपर्यंत डांबरावरून, येताना मुद्दाम नाल्यातून. नानांनी सुपारी तोंडात टाकली, पार शेवटपर्यंत चघळली आणि खिडकीतून निवांत थुंकली. जीप पाण्यावरून गेल्यासारखी गेली. मागे बसलेला धनसिंग चाकांचा आवाज ऐकत होता, पण नजर समोर होती. रुपचंद गाडी चालवताना मान खाली घालून, जरा पुढे झुकून, डावा खांदा पुढे काढून बसला होता. चढ आला की तो खांदा आणखी खाली जायचा.

गॅरेजवर उतरून नाना म्हणाले, "काम तुझं, रुपचंद. वर्षभर." मग धनसिंगला म्हणाले, "माझ्या तीन जीपा अशाच थरथरतात. याच लाकडाच्या पाचरी घाल. लोखंड नको मला." आणि निघून गेले.

धनसिंग बोलायला तोंड उघडणार, तोवर रुपचंद घराकडे धावला होता. उरलेलं जू काखेत मारून तो परत आला. उकाडा होता. त्याने सदरा काढून दोरीवर टाकला, उघड्या अंगाने बाकावर बसला आणि जू मांडीवर घेऊन वितीने मोजू लागला.

त्याच्या डाव्या खांद्यावर, मानेच्या मुळाशी, कातडं काळं आणि जाड झालं होतं. मध्ये तळहाताएवढी जागा सोललेली होती. कडेने पिवळी, आत ओली. कालपर्यंत तिथे काहीच नव्हतं.

"रुपचंद, खांद्याला काय झालं?"

"काय?" त्याने मान वळवलीही नाही. "दुखत नही. सहा पाचरी सहज निघतीन, मिस्तरी. आख्खा सहा."

एक हिरवी माशी आली आणि त्या ओल्या जागेच्या काठावर बसली.

रुपचंदचे दोन्ही हात जुवावर होते. तो मोजत होता. माशीभोवतालचं कातडं, तेवढंच, सरसर थरथरलं. माशी उडाली. त्याला कळलंही नाही. तो पुन्हा पहिल्या वितीपासून मोजू लागला.