रविवारचा हुंकारा

त्या रविवारी मी रेडिओ स्टेशनवर गेले ती फक्त डबा द्यायला. माझी नात मधुरिमा तिथे बोलते. इंदुरात कृष्णपुऱ्याजवळ, एका दुकानाच्या वर, तिसऱ्या मजल्यावर लहानसं स्टेशन आहे. रविवारी दुपारी चारच्या बातम्या झाल्या की मराठीत कार्यक्रम असतो, साडेचारपर्यंत. तो तिचा.

जिना चढून गेले तर पोरगी रडकुंडीला आलेली. बोलावलेले पाहुणे आलेच नव्हते. साहेबांनी आधीच बजावलं होतं, मराठी कोणी ऐकत नाही, अजून एकदा फजिती झाली तर कार्यक्रम बंद.

"आजी, तू बस. शिलेदाराची गोष्ट सांग."

"हुंकाऱ्याशिवाय मला गोष्ट येत नाही गं," मी म्हटलं. खरंच येत नाही. कोणी 'हं' म्हटलं की पुढचं सुचतं.

काचेपलीकडे मशीनवर परेश बसतो. तो म्हणाला, "टेंशन नका घेऊ आजी. मी देतो ना हुंकारा, तुमच्या कानात. रेडिओवर नाही जाणार तो."

बातम्या वाचून यमुनाजी उठल्या. "खुर्ची गरम करून ठेवलीय आजी, बिनधास्त बसा," म्हणाल्या आणि गेल्या. परेशने माझ्या कानांवर ते जाडे हेडफोन चढवले. दार लागलं आणि बाहेरचं सगळं इंदूर पुसून गेलं. हॉर्न नाही, पंखा नाही. भिंतींना कापड मढवलेलं, त्याला ओल्या गोधडीचा वास. समोर अजून एक खुर्ची, रिकामी. लाल दिवा लागला.

गोष्ट साधी आहे. मोहिमेवरून एक शिलेदार घरी निघालाय, मुक्काम करत करत. तो घरी पोचला की गोष्ट संपते.

"हं," कानात आलं.

काय सुरेख हुंकारा देत होता परेश. वाक्य संपल्यावर नाही, माझा श्वास संपल्यावर. जुनी माणसं द्यायची तसा, जरा घोगरा. घोडं लंगडलं तिथे "अरेरे". नदीला पूर आला तिथे "मग?"

मी रंगून गेले. सहज मान वर केली. काचेपलीकडे परेश मशीनच्या मागे वाकून वायरी हलवत होता, मधुरिमा त्याला मोबाइलचा उजेड दाखवत होती. दोघांचीही पाठ माझ्याकडे.

"मग...?"

आता कानात नव्हतं ते. समोरून होतं.

माझ्या सासूबाई सांगायच्या, अनोळखी हुंकाऱ्याला गोष्ट पुरी सांगू नये. अर्धी राहिली तर तो जागचा हलत नाही. पुरी झाली की उठतो, आणि सांगणाऱ्याच्या मागोमाग त्याच्या घरी येतो.

गप्प बसले असते तर पोरीचा कार्यक्रम गेला असता. मी बोलत राहिले. खुर्चीकडे बघितलं नाही. शिलेदाराला अजून एक नदी दिली, पुढे एक घाट दिला, आणि साडेचारला त्याला धर्मशाळेत निजवून म्हटलं, पुढचं पुढल्या रविवारी.

समोर कोणीतरी लांब श्वास सोडला...

निघताना मी समोरच्या त्या रिकाम्या खुर्चीवर हात ठेवून पाहिला. कोमट होती.

परेश धावत आला. "माफ करा आजी, तुमच्या कानातली लाइनच बंद पडली होती. बिना हुंकाऱ्याची सांगितली तुम्ही, कमाल आहे."

फोन पुष्कळ आले. साहेब खूश झाले, कार्यक्रम वाचला. मधुरिमाला मी काही बोलले नाही. त्याच खोलीत तिला दर रविवारी बसायचं, भीती घालून तिच्या पोटावर पाय कशाला आणू? तिथेच माझं चुकलं. मला वाटलं, मी आहे ना.

अकरा रविवार मीच गेले. शिलेदाराला तापात पाडलं, रस्ता चुकवला, उलटा नर्मदेपार पाठवला. घराजवळ काही येऊ दिलं नाही.

बाराव्या रविवारी मलाच ताप भरला. "तू झोप, मी जुनी रेकॉर्डिंग लावते," मधुरिमा म्हणाली आणि गेली. औषधाने माझा डोळा लागला. जाग आली तेव्हा सहा वाजले होते आणि ती दारात चप्पल काढत होती.

"आजी, रेकॉर्डिंग सापडेना. मग मीच सांगितली तुझी गोष्ट. मला कुठे येते, पण परेशने काय मस्त हुंकारा दिला! आपोआप सुचत गेलं."

"कुठवर सांगितलीस?"

"पूर्ण. पोचवलं एकदाचं शिलेदाराला घरी."

मी अंथरुणावर उठून बसले.

ती आत आली. दार मात्र लावलं नाही. ओढणी सावरून एका बाजूला सरली आणि दार धरून उभी राहिली, मागून कोणी वडीलधारं सावकाश जिना चढून येत असावं तशी. थोडा वेळ गेला. मग तिने दार हळूच लोटलं.

"कोणासाठी उभी होतीस गं?" मी विचारलं.

"कुठे उभी होते?" ती म्हणाली.