वॉर्डाबाहेरची हवा

२००९चा ऑगस्ट. स्वाइन फ्लूनं चेन्नईची झोप उडवली होती आणि श्रीपेरुंबुदूरजवळच्या त्या खासगी इस्पितळात उन्मेषचं डोकं सकाळपासून फिरलं होतं. जो तो हात झटकत होता.

स्वाइन फ्लूच्या वॉर्डातली परिचारिका कनका तापानं पडली होती. ‘वॉर्डात मास्क काढला, चूक तिचीच,’ असं म्हणून इस्पितळ तिला नोकरीवरून काढायला निघालं होतं. तिचे वडील अप्पाजी, तंजावरकडचे मराठी, खासगी डिटेक्टिव्ह शर्मिष्ठाकडे आले आणि एवढंच म्हणाले, “अम्मा, माझी पोर लबाड नोहे.”

शर्मिष्ठा तडक वरच्या मजल्यावर व्यवस्थापकांच्या खोलीत शिरली. तिचा मदतनीस उन्मेष मागोमाग.

“लांब उभे राहा!” नारायणस्वामी खेकसले आणि पुन्हा एकदा हातांना सॅनिटायझर चोळू लागले. “गेल्याच आठवड्यात सुरक्षा तपासणी झाली. वॉर्डातली हवा पंखा इमारतीबाहेर फेकतो, कॉरिडॉरमध्ये येऊ देत नाही. निरीक्षकांनी पास केलंय!”

शर्मिष्ठा उघड्या खिडकीतून डोकावली. वॉर्डाचा पंखा बरोब्बर खाली घरघरत होता.

“पंखा मध्ये बंद पडला होता?” खाली येऊन तिनं इस्पितळाच्या मेकॅनिकला विचारलं.

“कधीच नाही, मॅडम,” गुरुमूर्ती जमिनीकडे बघत म्हणाला.

कॉरिडॉरमध्ये वॉर्डाच्या बंद दारासमोर बाक होता. सिस्टर विजयलक्ष्मी म्हणाली, “कनका मास्क काढायची ती इथं, डबा खाताना. आम्ही सगळ्याच काढतो.” दारावरच्या पिल्लैयारच्या, म्हणजे गणपतीच्या, तसबिरीला तिनं उदबत्ती लावली. धूर थेट बाकावरच्या उन्मेषच्या डोळ्यांत गेला.

“आता हीच कमी होती!” तो चरफडला.

“चल वर,” शर्मिष्ठा म्हणाली. “गुरुमूर्ती, तुम्हीही.”

वर जाताच तिनं नारायणस्वामींसमोर सुरुवात केली. “पंखा हवा बाहेर फेकत असता, तर कॉरिडॉरमधला धूर दाराच्या फटीतून आत ओढला गेला असता. तो उलट आमच्या अंगावर आला. पंखा उलटा फिरतोय. तपासणीपुरता तेवढा सुलटा केला होता. कनकानं मास्क काढला तो तुम्हीच सुरक्षित म्हटलेल्या जागी.”

“मेकॅनिकची चूक!” नारायणस्वामी ओरडले.

“त्याला त्यात काय फायदा? तापाला इतके भिणारे तुम्ही, पंख्याच्या डोक्यावर खिडकी सताड उघडी ठेवता. वॉर्डातली हवा वर येत नाही, हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं.”

“सरांनीच उलटा फिरवायला लावला,” गुरुमूर्ती पुटपुटला.

“मग काय करू? या उकाड्यात खिडकी लावून बसू?” नारायणस्वामी उसळले.

उन्मेषला टेबल उलथून टाकावंसं वाटलं. त्यानं कनकाला फोन लावला. “नोकरी शाबूत आहे तुझी. चूक त्यांची निघाली. कॉरिडॉरची हवाच दूषित होती.”

पलीकडे खोकल्याची उबळ आली. मग क्षीण आवाज, “दादा, त्या बाकावर पेशंटांची माणसंही बसतात. लेकरं घेऊन. त्यांना कोणी सांगितलं?”

उन्मेषनं फोन नारायणस्वामींच्या कानाला लावला.