क्लीनरची सीट

सकाळी सहाच्या ठोक्याला गाडी दारात येऊन उभी राहिली, तेव्हा बाहेर भुरभुर पाऊस होता आणि ती हातात यादी घेऊन फाटकाशी थांबली होती. पांढरी, नुकतीच धुतलेली, बारा सीटची गाडी. ड्रायव्हर उतरला, कपाळावरचं पाणी मनगटाने पुसलं आणि म्हणाला, "मॅडम, फोनवर तुम्हीच होतात ना? आवाज ओळखला."

"इतक्या लवकर ओळखला?"

"सहा वेळा फोन केलात. सहाव्या वेळी मागच्या सीटचे पट्टे नीट लागतात का, ते विचारलंत. असं कोणी विचारत नाही."

ती जरा ओशाळली. पण काय करणार, स्वभावाला औषध नाही. घरात तिला लहानपणापासून सगळे 'मुकादम' म्हणत. कोणाची तिकिटं, कोणाचा चष्मा, कोणाच्या गोळ्या... लष्कराच्या भाकऱ्या भाजण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये ती रक्ताचे नमुने तपासायची आणि नऊ वर्षांत तिच्या हातून एकाही नळीला चुकीची चिठ्ठी लागली नव्हती.

आई धरून सात भावंडं. त्यांतले सगळ्यांत मोठे दादामामा घरात घसरून पडले, खुब्याचं ऑपरेशन झालं, आता कुठे घरी आले होते. त्यांना भेटायला उरलेली सहा भावंडं जोडीने निघाली होती. सहा जोड्या, बारा माणसं. हिशेब इतका सोपा होता की तिने तो बोटांवरही केला नाही.

सगळे चढले. ड्रायव्हरने दारात उभं राहून एकेका डोक्याकडे दोनदा बोट केलं. "बारा." मग पाण्याचा कॅन धरून पावसात उभ्या असलेल्या तिच्याकडे पाहिलं. "आणि... तेरा?"

"नाही हो, बाराच. सहा जोड्या—"

"मग तुम्ही येत नाही आहात का?"

मग थोरल्या मावशीने कपाळावर हात मारला. "अगंबाई! मुकादमच राहिला की बाहेर!"

हशा पिकला. एक मामा म्हणाले, "तिचं काय, ती कुठेही बसेल. मध्ये एखादं स्टूल टाका." आई खिडकीतून म्हणाली, "नाहीतर तू घरीच राहतेस का गं? तेवढीच विश्रांती मिळेल तुला."

आई हे अगदी मायेनं म्हणाली. आणि पंचाईत हीच होती, की तीही पटकन म्हणून गेली, "हो, चालेल. जा तुम्ही." महिनाभर खपून तिने हा दिवस जुळवून आणला होता, आणि त्यात ती स्वतः कुठेच नव्हती. तिला फार वाईट वाटलं. पण चेहऱ्यावर तिने ते येऊ दिलं नाही. तेवढी सवय होती.

"स्टूल चालणार नाही," ड्रायव्हर म्हणाला. "माझ्या गाडीत पट्ट्याशिवाय कोणी बसत नाही. पुढे माझ्या शेजारी क्लीनरची सीट आहे. आमच्या क्लीनरला परवा मुलगी झाली, तो सुटीवर आहे. सध्या तिथे माझा डबा बसलाय. त्याला मागे पाठवतो."

त्याने डबा उचलला, फडक्याने सीट पुसली, पट्टा ओढून पाहिला आणि दार उघडं धरून उभा राहिला. असं दार तिच्यासाठी आजवर कोणी धरलं नव्हतं. ती चढली, पण बसताना उगाचच यादीची घडी घालत राहिली.

गाव मागे पडलं. वायपर संथपणे काच पुसत होते. मागे गप्पांना ऊत आला होता.

"गाडी कोणाला लागते?" त्याने विचारलं.

"धाकट्या मावशीला. वळणावर हळू घ्या. बाबांचा गुडघा दुखतो, त्यांना दीड तासाने उतरवावं लागेल. थोरल्या मावशीला काहीही होत नाही, पण होतंय असं ती सांगेल."

तो हसला. हसताना त्याच्या डाव्या गालावर एक बारीक रेघ उमटायची. तिने ती पाहिली आणि लगेच रस्त्याकडे बघितलं.

"आणि तुम्हाला?"

"मला काय?"

"गाडी लागते का? खिडकी उघडी हवी की बंद?"

ती गोंधळली. बारा जणांची माहिती तिला तोंडपाठ होती, आणि हे एवढंसं उत्तर मात्र शोधावं लागलं. "अर्धी," ती म्हणाली. "म्हणजे... अर्धी उघडी."

त्याने बटण दाबून काच बरोबर अर्ध्यावर आणली. ओल्या मातीचा वास आत आला आणि तिच्या कानामागची एक बट उडायला लागली. ती तिने मुद्दामच आवरली नाही.

बाबांच्या गुडघ्यासाठी थांबले तेव्हा मामांनी तेरा चहा सांगितले. ड्रायव्हर लांब उभा राहून गाडीची काच पुसत होता. पाऊस चालू असताना! ती चौदावा चहा सांगून दोन कप घेऊन त्याच्याकडे गेली.

"पावसात काच पुसताय?"

तो चोरी पकडल्यासारखा थांबला. "चहाच्या वेळी कामात दिसायचं. म्हणजे ड्रायव्हरला विसरलो असं मंडळींना वाटत नाही... आणि मलाही वाटत नाही."

तिने कप त्याच्या हातात दिला. दोघं गाडीच्या आडोशाला उभे राहिले.

"तुम्ही दोनदा का मोजता?" तिने विचारलं. "सकाळी पाहिलं मी. आणि आत्ता उतरतानाही."

"पहिल्याच वर्षी एक आजोबा माझ्याकडून मागे राहिले. अशाच एका टपरीवर. वीस किलोमीटर गेल्यावर त्यांच्या सुनेच्या लक्षात आलं. परत येऊन बघतो तर आजोबा बाकावर शांत बसलेले. मी माफी मागितली, तर म्हणतात, 'असू दे रे. मला सवय आहे.'" त्याने कप गोल फिरवला. "रागावले असते तर बरं झालं असतं. बडबडी माणसं कधी मागे राहत नाहीत मॅडम. राहतात ती गप्प बसणारी. आणि आज कळलं... यादी करणारी."

"टोमणा आहे हा?"

"नाही. काळजी आहे."

चहा गरम होता म्हणून, की आणखी कशानं... तिचे कान तापले.

पुन्हा गाडी सुरू झाली आणि थोड्याच वेळात मागे विषय निघाला. थोरली मावशी आवाज चढवून सांगत होती, "वहिनीला एकटीला हे झेपणार नाही. चार महिने तरी कोणीतरी जवळ हवं."

"आपल्याला कुठे जमतंय?" कोणीतरी म्हणालं.

"मुकादम आहे की! तिला कोणाचा पाश आहे? रजा टाकेल. आजच ठेवून जाऊ, कपडे मागाहून पाठवू."

"हो हो, हे उत्तम," असं एकामागोमाग एक सगळे म्हणाले. बाबा म्हणाले. आईसुद्धा म्हणाली.

ती समोरच्या ओल्या रस्त्याकडे पाहत राहिली. पुढच्या महिन्यात लॅबचा नवा विभाग तिच्या हाती येणार होता. तीन वर्षं वाट पाहिली होती तिने. घरी सांगितलंही होतं. 'छान' म्हणून सगळे आपापल्या कामाला लागले होते.

"तुम्हाला विचारलं का कोणी?" त्याने हळूच विचारलं. नजर रस्त्यावरच होती.

"विचारायचं काय त्यात? मी हो म्हणणार हे ठरलेलंच असतं."

"आजही?"

तिने मांडीवरच्या यादीची घडी उलगडली. दादामामांवर तिचा जीव होता. पण आजच, याच सीटवर बसल्यावर, तिला पहिल्यांदा वाटत होतं की आपल्यालाही कुठेतरी जायचंय. कुठे, ते मात्र तिला स्वतःशीही कबूल करवत नव्हतं.

दादामामांचं घर म्हणजे दोन खोल्या आणि पुढे पडवी. भावंडांना एकत्र पाहून म्हातारा लहान मुलासारखा रडला आणि मग हसला. जेवायच्या वेळी तिने ताटं मांडली.

"पंधरा पुरे गं," मामी म्हणाली. "मी, हे आणि तुम्ही तेरा."

"सोळा. ड्रायव्हर आहेत ना."

तो आत आला, संकोचून कोपऱ्यात बसून जेवला. जेवणानंतर दादामामांना रस्ता दिसेल असा पलंग फिरवायचा होता. मामा लोक कसा फिरवावा यावर चर्चा करत बसले, तोवर त्याने एक बाजू धरली, तिने दुसरी. "तीनला उचलायचं," तो म्हणाला. "एक... दोन..." दोघांची नजर पलंगावरून एकमेकांना भिडली आणि तीन म्हणायचं दोघंही विसरली.

"अरे, उचलताय ना?" दादामामा मध्येच पडल्यापडल्या म्हणाले. "की मी उतरू?"

सगळे पडवीत गेल्यावर त्यांनी तिला जवळ बोलावलं. "मुकादम, तू चार महिने इथे राहणार म्हणे."

"हो... बहुतेक."

"मला कोणी विचारलं नाही बघ." ते छताकडे पाहत होते. "अकरा वर्षांनी माझी सगळी भावंडं एका खोलीत आली. त्यासाठी हाड मोडून घ्यावं लागलं. तू राहिलीस की ती सगळी सुटली. मग आहेच, महिन्यातून एक फोन. मला सेवा नकोय गं... माझी माणसं हवीत." मग डोळे मिचकावून म्हणाले, "आणि तो पलंगवाला तुला सोडून गेला, तर वळणावर गाडी नीट चालवील असं मला वाटत नाही."

चार वाजता निघायची वेळ झाली. सहाही जोड्या आपापल्या जागी बसल्या. ती फाटकाशी उभी होती, सकाळसारखीच, आणि पाऊसही तसाच भुरभुरत होता. ड्रायव्हरने दारातून मोजलं. "बारा."

"झालं तर मग," थोरली मावशी म्हणाली. "ती राहतेय. निघू या."

तो निघाला नाही. तिच्याकडे वळला. "मॅडम, यादी तुमची आहे. आकडा तुम्ही सांगा."

एवढंच म्हणाला तो. पुढचं तिचं तिलाच बोलायचं होतं. लॅबमध्ये हजारदा तिने डॉक्टरांना वाईट बातम्या न डगमगता सांगितल्या होत्या, आणि इथे स्वतःची एक साधी गोष्ट सांगताना शब्द शोधावे लागत होते.

"तेरा," ती म्हणाली. "मी येतेय. मी राहणार नाही."

"अगं, पण दादाचं कोण—"

"तुम्ही." तिने यादी उलटी केली. मागच्या कोऱ्या बाजूवर तिने दुपारी लिहून ठेवलं होतं. "सहा जोड्या. तीन-तीन आठवडे. चार महिने सहज निघतात. भाऊ तुमचा आहे, मावशी. त्याला तुम्ही हव्या आहात. मी रविवारी येत जाईन... कारण मला यावंसं वाटतं म्हणून."

मग आई हळूच म्हणाली, "खरंच की. आपण हिला विचारलंच नाही."

मागच्या सीटवर हालचाल झाली. धाकटी मावशी पिशवी घेऊन उठली. "पहिली पाळी आमची. तसंही परतीची वळणं आठवूनच माझ्या पोटात ढवळतंय. अहो, उतरा!" काका निमूटपणे उतरले. घराच्या खिडकीतून दादामामांनी हात वर केला.

मागे आता दोन सीट रिकाम्या होत्या. आईने सरकून शेजारची जागा थोपटली. "ये गं, इथे बस. खिडकी आहे."

ती पायरीपाशी थांबली. आता तिला पुढे बसायचं काही कारण नव्हतं. "नको आई," ती म्हणाली. "मी... पुढेच बसते."

"का गं?"

"सवय झाली."

"पाच तासांत?" थोरली मावशी म्हणाली, आणि नवऱ्याला कोपराने ढोसून खिडकीबाहेर पाहायला लागली.

पुढचं दार उघडलं तर सीटवर पुन्हा डबा. त्याने घाईघाईने तो उचलला. "मला वाटलं..."

"काय वाटलं?"

"परतीला हाच असेल सोबतीला." डबा घेऊन तो मागे गेला, रिकाम्या सीटवर ठेवला आणि त्याला पट्टा लावला. ती बसली. शेजारची काच त्याने वर केलीच नव्हती. ती सकाळपासून तशीच, अर्धी होती.

त्याने आरशात पाहून मोजलं. मग वळून पुन्हा मोजलं.

"अकरा," तो म्हणाला.

"बारा."

"अकराच आहेत मॅडम. दोनदा मोजले. मागे पाच जोड्या, आणि तुम्ही."

"आणि तुम्ही?" तिने विचारलं. या वेळी तिने नजर वळवली नाही. "स्वतःला मोजलंच नाहीत."

त्याचा हात किल्लीवर तसाच राहिला. गालावरची ती बारीक रेघ आली, गेली, आणि पुन्हा आली.

"बारा," तो सावकाश म्हणाला.

फोनवर गाडी ठरवताना तिने हाच आकडा सांगितला होता.