काशीनाथकाका लॉग्ड-इन आहेत

मायरा, तेवढा पडदा ओढ आणि बस. आपला साकेत आठवतो ना, वरच्या छोट्या बॉक्सरूममध्ये भाड्यानं राहायचा तो? त्याच्या बाबतीत घडलेलं आहे हे. मी वरून मीठ घातलं असेल, पण भाजी त्याचीच.

लंडनबाहेर, स्लाऊच्या ट्रेडिंग इस्टेटवर एका वेअरहाउसचे लिनक्स सर्व्हर सांभाळायची नोकरी लागली होती त्याला. आधी ते काम काशीनाथकाका बघायचे. साताऱ्याकडचे, एकटा जीव. उन्हाळ्यात वारले. खुर्ची साकेतला मिळाली, पण मशीनवरचं काकांचं खातं तसंच राहिलं. सोमवारी ऑडिट. मॅनेजरीणबाईंनी बजावलं, "असं एकही खातं सापडलं तर प्रोबेशन पास होणार नाही हं." प्रोबेशन गेलं की नोकरी, नोकरी गेली की व्हिसा.

तर ऑक्टोबरमधला तो शनिवार, हिवाळ्यासाठी घड्याळं तासभर मागे जातात त्या रात्रीचा. वेअरहाउस बंद. अकराच्या सुमारास साकेत ऑफिसात एकटा. काम किती? खातं पुसायची एका ओळीची कमांड. शेवटची ट्रेन आरामात मिळणार होती.

त्यानं कमांड दिली.

मशीन म्हणालं, खातं पुसता येत नाही. हा युजर आत्ता आत आहे.

काय म्हणालास, विहान? "जुना प्रोसेस अडकला असेल"? अडकली असेल म्हण, बाळा. पण हो, त्यालाही तेच वाटलं. त्यानं ती बंद केली. पुन्हा कमांड. पुन्हा तेच उत्तर.

मग त्यानं बघितलं, आत आहे तरी कोण. यादीत दोनच नावं. एक साकेत. दुसरं काशीनाथ. पासवर्ड तर कधीच गोठवलेला! आणि हे लॉगिन नेटवर्कवरून नव्हतं. सर्व्हररूममधल्या कीबोर्डवरून होतं. म्हणजे कॉरिडॉरच्या टोकाला. कुलूपबंद खोलीत. ते कुलूप उघडणारं कार्ड साकेतच्याच गळ्यात.

शेवटचं बटण कधी दाबलं, तेही मशीन सांगतं.

आत्ता.

त्यानं पुन्हा विचारलं.

आत्ता.

पळून जावं, तर सोमवार आ वासून उभा. एका युजरला दुसऱ्याच्या स्क्रीनवर निरोप लिहिता येतो. त्यानं लिहिलं, "काका, माझी नोकरी जाईल हो. पाया पडतो. आता निघा."

तो स्क्रीनकडे बघत बसला...

ऑफिसातल्या फ्रिजची घरघर थांबली, तरी दचकला...

मग त्याच्या स्क्रीनवर एक शब्द उमटला. इंग्रजी अक्षरांत, पण मराठी.

"येतो."

आणि यादीतलं नाव गेलं. कमांड दिली, खातं पुसलं गेलं. हुंदका देऊन हसला म्हणे. काकांनी ऐकलं!

काय गं, मायरा? "येतो मीन्स कमिंग ना, मामा?"

अगं, आपल्यात निघताना "जातो" म्हणू नये. "येतो" म्हणायचं. साकेतनंही स्वतःला हेच समजावलं. निरोप घेतला. संपलं.

तेवढ्यात...

कॉरिडॉरच्या टोकाला...

कुलूप उघडल्याचा आवाज झाला. टक्.

कार्ड गळ्यातच होतं.

पुढचं तो सांगत नाही. ऑडिट पास झालं, नोकरी टिकली. पण परवा जेवून निघाला, तेव्हा तुझी मामी म्हणाली, "येतो म्हण रे." दारात उभा राहिला. ओठ पांढरे.

म्हणाला, "नाही मामी. जातो."